पान्हा आटलेला नाही

प्रश्न

मावशी, मी 27 वर्षांची आहे. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन झालं. मुलगी आज 22 दिवसांची आहे. मी कराडला माहेरी आहे, नवरा नोकरीमुळे पुण्यात, शनिवार-रविवारी येतो. ऑपरेशननंतर बाळ माझ्याजवळ दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. तीन दिवस नुसता घट्ट पिवळा चीक येत होता, चौथ्या दिवशी छाती दगडासारखी भरली. मग दोन आठवडे बरं चाललं होतं. आता छाती मऊ पडली आहे, आधीसारखं दूध गळत नाही. संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखं अंगावर मागतं, बाजूला केलं की रडतं. आजी म्हणते, "हिला पान्हाच फुटत नाही." सासूबाई रोज फोनवर विचारतात, "पुरतंय ना दूध?" मैत्रिणीच्या पंपाने पाजून झाल्यावर दूध काढून पाहिलं, अर्ध्या तासात जेमतेम 20 मिली निघालं. शेवटी 17व्या दिवसापासून पावडरचं दूध सुरू केलं, संध्याकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा, 60-60 मिली, बाटलीने. दवाखान्यातून निघताना "लागली तर द्या" म्हणून त्या पावडरचं नाव लिहून दिलं होतं. ते पिऊन ती चार-चार तास झोपते. म्हणजे माझं दूध कमीच पडत होतं ना? जन्माचं वजन 2 किलो 800 ग्रॅम होतं, चौथ्या दिवशी 2 किलो 600, पंधराव्या दिवशी डॉक्टरांकडे 2 किलो 930 भरलं. रोज सात-आठ लंगोट ओले होतात. अळिवाची खीर, शतावरी, डिंकाचे लाडू सगळं चालू आहे. दूध पुन्हा वाढेल का, की आटलं ते आटलं? रात्री फार रडू येतं.

उत्तर

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी वजनाचे तीन आकडे कागदावर मांडले, कारण बाकी सगळं ज्याचं त्याचं मत असतं आणि वजनकाटा मत देत नाही. चौथ्या दिवशी 2600, पंधराव्या दिवशी 2930. अकरा दिवसांत 330 ग्रॅम, म्हणजे रोजचे 30 ग्रॅम. या वयाच्या बाळाने दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढावं अशी अपेक्षा असते. पहिल्या तीन-चार दिवसांत जे 200 ग्रॅम कमी झाले ते जन्माच्या वजनाच्या सात टक्के होतात, आणि सात-आठ टक्क्यांची घट निरोगी बाळांमध्येही नेहमी दिसते. दोन आठवड्यांच्या आसपास बाळ जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. तुझी लेक तर त्यापुढे 130 ग्रॅम गेली.

आणि पावडर सुरू झाली सतराव्या दिवशी. म्हणजे हे 330 ग्रॅम तुझ्या दुधाचे आहेत, सगळेच्या सगळे. हा कागद आजींना दाखव. सासूबाईंनाही फोनवर वाचून दाखव.

आता तू विचारलंस, आटलं ते आटलं का. याचं उत्तर नीट पटायचं असेल तर दूध मुळात सुरू कसं होतं ते समजून घ्यावं लागेल. मी 31 वर्षं प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काढली. शिकलेल्या, न शिकलेल्या, श्रीमंत, गरीब अशा सगळ्या घरांत मला हाच एक गैरसमज भेटला, की दूध हा साठा असतो, कुणाला जास्त मिळतो, कुणाला कमी, आणि संपला की संपला.

तुझ्या छातीत चीक तयार व्हायला गरोदरपणाच्या मध्यावरच, साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास सुरुवात झाली होती. मग दूध तेव्हाच का वाहू लागलं नाही? कारण वार. वारेतून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक रक्तात येत राहतं आणि ते दुधाच्या पेशींना थोपवून धरतं. बाळ जन्मलं, पाठोपाठ वार पडली, की हा लगाम सुटतो. प्रोलॅक्टिन, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारं दूध बनवणारं संप्रेरक, गरोदरपणात वाढलेलंच असतं. आता त्याला मोकळं रान मिळतं. तरी पेशी जोमाने कामाला लागायला दीड-दोन दिवस जातात, आणि आईला ते जाणवायला दोन ते तीन. पहिलटकरणीला, सिझेरियनवाल्या आईला, जिला मधुमेह आहे किंवा बाळंतपणात जिचं रक्त फार गेलं तिला थोडं उशिरा. तुझं चौथ्या दिवशी भरून आलं, हे सिझेरियन आणि पहिलटकरणीच्या मानाने अगदी नेहमीसारखं आहे. पाचवीच्या पूजेला बाळंतिणीची छाती भरलेली असायची, हे आपल्या जुन्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त त्याआधीच्या चिकाला त्यांनी दूध म्हटलं नाही. अनेक घरांत तो पिळून टाकत आणि बाळाला मध चाटवत. मध वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, त्यातून बोटुलिझम नावाची जिवावरची विषबाधा होऊ शकते. आणि चीक म्हणजे तर बाळाची पहिली लस. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक येतो आणि बाळाला तेव्हा तेवढाच लागतो. ते तीन दिवस तू बाळाला "नुसता" चीक दिलास असं लिहिलं आहेस. तो नुसता शब्द खोडून टाक.

एक गोष्ट मात्र मला सलली. बाळ तुझ्याजवळ दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. सिझेरियन असलं तरी आई शुद्धीत असेल, बाळ ठीक असेल, तर पहिल्या तासात बाळाला छातीशी लावता येतं, आईला उठून बसावंही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, आपल्या आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट 2016 मध्ये सुरू केलेला 'मां' कार्यक्रमही हेच सांगतो. तुझी ती रात्र गेली. त्याने तुझं कायमचं नुकसान झालेलं नाही, हे वजनच सांगतं आहे. पण पुढच्या खेपेला आधीच डॉक्टरांना सांगून ठेव, आणि तुझ्या बहिणीला, वहिनीलाही सांग.

दूध उतरेपर्यंतचा कारभार संप्रेरकांचा असतो. बाळाला कधीच अंगावर घेतलं नाही अशा आईचीही छाती तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येते. त्यानंतर मात्र सूत्रं हळूहळू बाळाच्या हातात जातात, खरं म्हणजे तोंडात. शेतातली विहीर तू पाहिली असशील. उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात, पाणी येत राहतं. उपसा थांबला की पाणी एका पातळीला येऊन थांबतं. छाती भरलेलीच राहिली तर पेशींना इशारा जातो की मागणी नाही, हात आखडता घ्या. रिकामी झाली की त्याच पेशी वेगाने दूध बनवतात. हा हिशेब प्रत्येक बाजूचा वेगळा असतो, म्हणून तर काही आयांना एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला कमी दूध असतं, जरी दोन्हींकडे रक्त आणि संप्रेरकं एकाच शरीरातून येतात.

बाळ दूध ओढतं तेव्हा दर वेळी प्रोलॅक्टिनची एक लाट येते. रात्री ते जास्त असतं. म्हणून रात्रीचं पाजणं दुधासाठी फार मोलाचं. हे लक्षात ठेव, मी पुन्हा याच्याकडे येणार आहे.

आता आजींचा शब्द, पान्हा. या शब्दासाठी मला मराठीचा अभिमान वाटतो, कारण दूध बनणं आणि दूध सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या भाषेला डॉक्टरांच्या कितीतरी आधी कळलं होतं. माझ्या माहेरी गाय होती. वडील धारेला बसायचे तेव्हा आधी वासरू सोडायचे. ते ढुशा द्यायचं, चोखायचं, मिनिटभरात गाय पान्हावायची, सड टचटचीत व्हायचे, मग वासरू बाजूला बांधून बादली लावायची. अनोळखी माणूस बसला, कुत्रं भुंकलं, की गाय पान्हा चोरायची. कासेत दूध असूनही बादलीत येत नसे. बाईचंही तसंच. बाळ चोखू लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं संप्रेरक सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आकसतात आणि दूध नळ्यांतून पुढे ढकललं जातं. तोच पान्हा. तो नुसता बाळाचा आवाज ऐकूनही फुटतो, वासानेही फुटतो, बाळ जवळ नसताना आठवणीनेही फुटतो. भीती, दुखणं, अपमान, कुणीतरी समोर बसून "येतंय का दूध" असं बघत राहणं, यांनी तो अडतो.

रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. मला त्या गोष्टीत दिवसभर बाळापासून दूर राहिलेल्या आईची संध्याकाळची भरलेली, ठणकणारी छातीही दिसते. तिच्या पान्ह्यानेच तिला उतरवलं असणार.

तर आजी म्हणतात तसं झालं आहे का? पान्हा फुटतो की नाही ते छातीकडे बघून कळत नाही, बाळाकडे बघून कळतं. सुरुवातीला ती भराभर, बारीक बारीक चोखेल. मिनिट-दोन मिनिटांत लय बदलेल, जबडा खोल जाईल, हळू आणि मोठे घोट, मधूनच गिळल्याचा "क्हा" असा हलका आवाज. तो पान्हा. एका पाजण्यात तो दोन-चार वेळा येतो आणि बहुतेक आयांना फक्त पहिला जाणवतो, कित्येकींना तोही नाही. चुणचुण झालीच पाहिजे, दुसऱ्या बाजूने गळलंच पाहिजे असं काही नाही. काळजीने दूध बनणं थांबत नाही, सुटायला वेळ लागतो इतकंच. पाठ टेकून, खांदे सैल सोडून बस, बाळाला उघड्या छातीवर दोन मिनिटं नुसतं पडू दे, पाठीवरून आईला हात फिरवायला सांग. आणि या वेळेला सासूबाईंचा फोन उचलू नकोस. नंतर कर.

छाती मऊ पडली याची तुला सगळ्यात जास्त भीती वाटलेली दिसते. चौथ्या दिवशी जी दगडासारखी झाली होती, त्यात सगळं दूध नव्हतं. त्या भागाकडे रक्त आणि इतर द्रव जोराने धावतात, सूज असते ती. शिवाय शरीराला अजून माहीत नसतं की बाळ एक आहे की जुळी, म्हणून ते जरा जास्तच बनवतं. दोन-तीन आठवड्यांत हिशेब जुळतो, सूज उतरते, गळणं कमी होतं. मऊ छातीत दूध वेगाने बनतं, हे मी वर सांगितलंच. भरलेली छाती बघून खूश होणं आणि मऊ छाती बघून घाबरणं, दोन्ही उलटं आहे.

पंपाचे 20 मिली. तू पाजून झाल्यावर काढलंस ना? मग ते उरलेलं दूध होतं. बाळाने पोटभर घेतल्यावरही वर 20 मिली निघालं, याचा मला आनंदच झाला. पंपाला पान्हा फोडता येतोच असं नाही. प्लास्टिकच्या कपात कुणाची माया दाटून येणार? एका पंपावरून दूध मोजू नये. एक महिना ते सहा महिन्यांच्या काळात बाळं दिवसभरात सरासरी साडेसातशे ते आठशे मिली दूध पितात, पण पाचशेच्या आत पिऊन छान वाढणारीही असतात आणि हजाराच्या वर पिणारीही. कुणाच्या छातीत एका वेळी जास्त मावतं, कुणाच्या कमी. जिच्यात कमी मावतं तिचं बाळ जास्त वेळा पितं, दिवसाचा आकडा तोच होतो. छातीच्या आकाराचा याच्याशी संबंध नाही.

संध्याकाळी सहा ते दहा. माझ्या ओळखीत असं एकही घर नाही जिथे या चार तासांवरून बाळंतिणीला बोलणी बसली नाहीत. संध्याकाळी एका वेळेला येणारं दूध सकाळपेक्षा कमी असतं, पण ते दाट, स्निग्ध असतं, कारण छाती जितकी रिकामी तितकं दुधातलं लोणी जास्त. म्हणून बाळं तेव्हा थोडं-थोडं, पुन्हा पुन्हा घेतात, जणू रात्रीची बेगमी करतात. याच काळात बाळ झपाट्याने वाढतं, दोन-तीन आठवड्यांचं असताना एकदा आणि पुन्हा सहा आठवड्यांच्या आसपास मागणी अचानक वाढते. ती उद्याच्या दुधाची ऑर्डर देत असते. दोन-तीन दिवस तिला हवं तितकं ओढू दिलं की पुरवठा वर चढतो. शिवाय बाळं संध्याकाळी भुकेशिवायही रडतात, दिवसभराचा उजेड-आवाज त्यांना झेपत नाही, आणि हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाऊन मग कमी होतं. तू पाजलंस, पाच मिनिटांनी ती पुन्हा रडली, तर आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन अंगणात चकरा माराव्यात. ते काम पाजणारीनेच केलं पाहिजे असं नाही.

म्हणजे तुझी मुलगी सतराव्या दिवशी जे करत होती ते बरोबर करत होती. नेमकी त्याच वेळी बाटली आली.

पावडरचं दूध पचायला जड, म्हणून ती चार तास झोपते. झोप म्हणजे तृप्तीचा पुरावा नव्हे. आणि त्या चार तासांत काय होतं बघ. झोपतानाची बाटली म्हणजे रात्रीचे ते तास, ज्यांत प्रोलॅक्टिन चढलेलं असतं आणि एकदा-दोनदा पाजणं व्हायला हवं होतं. ते चुकलं. छाती भरून राहिली, हात आखडला. दुसऱ्या दिवशी दूध खरंच थोडं कमी, बाळ जास्त कुरकुरतं, घरचे म्हणतात बघा, पुरत नाही, आणि 60 चे 90 होतात. कितीतरी आयांचं दूध असं महिना-दीड महिन्यात खरोखर आटलेलं मी पाहिलं आहे. त्या सगळ्या सांगायच्या, मला दूधच नव्हतं. त्यांना होतं. आपल्या देशात 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. पावडरच्या डब्याची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही, आईला फुकट नमुने देता येत नाहीत. हे सगळं याच साखळीसाठी आहे. गरज नसताना "लागली तर" म्हणून डब्याचं नाव हातात ठेवणं मला अजिबात मान्य नाही. गरज असलेल्या बाळाला पावडर जरूर द्यावी, ते औषधासारखं आहे, डॉक्टरांनी मात्रा सांगून द्यावं.

तू दिवसाला 120 मिलीवर आहेस आणि जेमतेम पाच-सहा दिवस झाले आहेत. इथून परत येणं सोपं आहे. दूध आटलेल्या आयांचं दूध तीन महिन्यांनीही परत आलेलं मी पाहिलं आहे. कमी दिवसांची बाळं ओढू शकत नाहीत तेव्हा त्यांच्या आया दिवसातून आठ-आठ वेळा हाताने किंवा पंपाने दूध काढून ते टिकवतात, बाळाने एक थेंब ओढलेला नसताना. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. तिथे दूध देणाऱ्या आयांचंही हेच, काढत राहिलं की येत राहतं.

तुझ्या बालरोगतज्ज्ञांना फोन करून हे सांग आणि मग सुरुवात कर. आधी रात्रीची बाटली सोड. तिच्याऐवजी दोन्ही बाजूंना पाज, आडवं पडून. टाके दुखत असतील तर आडवं पडून पाजणं बरंही पडतं. बाळ तुझ्याच खोलीत, हाताच्या अंतरावर झोपू दे. दोन दिवसांनी संध्याकाळच्या 60 चे 30 कर, आणखी दोन दिवसांनी तेही बंद. जे काही वरचं द्यायचं ते बाटलीने नको, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दे. बाटलीचं दूध आपोआप तोंडात पडतं, त्याची सवय लागली की बाळाला छातीशी मेहनत करायचा कंटाळा येतो. दिवसा तीन तासांच्या वर झोपू देऊ नकोस, पाय चोळून उठव. चोवीस तासांत दहा-बारा वेळा पाजणं होऊ दे, घड्याळ बघून नाही, तिने तोंड इकडे-तिकडे वळवलं, मूठ तोंडात घातली की लगेच. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, रडणारं बाळ धड पकडत नाही. एक बाजू मऊ होईपर्यंत पाज, मग दुसरी. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, पाजून झाल्यावर, हाताने पाच-पाच मिनिटं काढ. ते दूध उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून ठेवलं तर खोलीत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये दिवसभर. संध्याकाळी 30 मिली वरचं द्यायचंच असेल तर हेच दे.

पकड एकदा तपासून घे. मला पत्रातून ती दिसत नाही आणि दुधाच्या निम्म्या तक्रारी पकडीतल्या असतात. बाळाचं पोट तुझ्या पोटाला, नाक बोंडाच्या समोर. ओठांना बोंड लावून थांब, जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की पटकन तिला आपल्याकडे ओढ, आपण तिच्याकडे वाकायचं नाही. हनुवटी छातीत रुतलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसावा, खालचा बहुतेक तोंडात. नुसतं बोंड तोंडात असेल तर तुला दुखेल आणि तिला दूध कमी मिळेल. बोंडाला चिरा पडल्या असतील, ती सुटल्यावर बोंड चपटं, लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं दिसत असेल, तर पकड चुकते आहे. गावातल्या आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या स्तनपान समुपदेशकाला समोर बसून एक पाजणं बघायला सांग.

खाण्याचं. अळीव, डिंक, मेथी, शतावरी, बाळंतशेपा, काही बंद करू नकोस. अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात तूप-खोबरं-खारीक आहे, बाळंतिणीला दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात आणि त्या कुणीतरी मायेने करून हातात दिल्या तर अजून काय हवं. पण यांतलं काही दूध वाढवतंच असा भक्कम पुरावा नाही. बाळाने ओढल्याशिवाय शंभर लाडू खाल्ले तरी दूध वाढणार नाही. तहान लागेल तितकं पाणी पी. पोट सुटतं, बाळाला सर्दी होते म्हणून बाळंतिणीला पाणी तोडणं चूक आहे, आणि दूध वाढावं म्हणून तांबेच्या तांबे रिचवणंही व्यर्थ. मुलीला मात्र सहा महिने पाण्याचा थेंब नको, ऐन मेमध्येही नको, दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. गुटीही नको. दूध वाढवायच्या गोळ्या कुणी परस्पर सुचवल्या तर घेऊ नकोस, त्यांतल्या काहींचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. आणि पाळणा लांबवण्यासाठी गोळ्या घ्यायचा विचार असेल तर डॉक्टरांना "मी पाजते आहे" हे आवर्जून सांग, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होतं.

खरोखर दूध कमी असणाऱ्या आया असतात, हेही मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. थायरॉइड मंद असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पियुषिका ग्रंथीलाच इजा झालेली असते, छातीचं ऑपरेशन झालेलं असतं, किंवा दुधाच्या ग्रंथींची वाढच कमी झालेली असते. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार, असलेल्या काहींनाही त्रास होतो. अशा आईने जेवढं येतं तेवढं पाजावं, बाकीचं वरून द्यावं, आणि तिला कुणी बोल लावू नये. तुझ्या पत्रात असं काही दिसत नाही. तरी थायरॉइडची तपासणी गरोदरपणात झाली होती का, ते फाईलमध्ये बघ.

बाटल्या कमी करताना तू दोन गोष्टी मोजायच्या, बाकी काही नाही. लंगोट आणि वजन. डायपर वापरत असाल तर हे दिवस कापडी लंगोट वापर, डायपरमध्ये शूचा हिशेब लागत नाही. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट शू, शी पिवळी. वजन दर चार-पाच दिवसांनी, त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय. दिवसाला 20 ग्रॅमच्या खाली वाढ आली तर बाटली बंद करायची घाई थांबव आणि बाळाला दाखवून आण. शू सहापेक्षा कमी झाली, विटकरी डाग पडले, बाळ उठवूनही पिईना, मलूल पडलं, डोळे-अंग पिवळं वाटलं, अंग तापलं, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

आता तुझं रडू. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे बहुतेक सगळ्यांनाच रडू येतं, संप्रेरकं इतक्या वेगाने खाली उतरतात की मन त्यांच्याबरोबर घसरतं. तुला तीन आठवडे झाले. मला वाटतं की यातलं बरंचसं रडू "पुरतंय ना" या प्रश्नाचं आहे आणि वजनाचा कागद ते हलकं करेल. पण बाळ झोपलेलं असताना तुला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसलेलं बरं असं एकदा जरी वाटलं असेल, तर आईला सांग आणि डॉक्टरांना सांग. 14416 हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. त्यासाठी पाजणं सोडावं लागत नाही, पाजताना चालतील अशी औषधं आहेत.

नवऱ्याला शनिवारी आल्यावर रात्रीची पाळी दे. पाजायची तू, पण लंगोट बदलणं, ढेकर काढणं, बाळ उचलून तुझ्या कुशीत आणून देणं हे त्याने करायचं. रजेचं मी पत्रात वाचलं नाही. तू नोकरीत असशील तर कायद्याने 26 आठवडे मिळतात, त्याच्या पुढचं पंपाचं आणि एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाचं पुढच्या पत्रात बोलू. आज तो पंप कपाटात ठेव.

आजींना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, पान्हा फुटतो आहे की नाही ते आज रात्री बाळाच्या गळ्याजवळ कान नेऊन ऐका. गिळण्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे.

आठवड्याने वजन केलंस की आकडा कळव.